व्हिएतनामची सहल: नावनोंदणीपूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

आमच्या आठ दिवसांच्या व्हिएतनाम सहलीत हनोई, 'हा लाँग'चा उपसागर, होई आन आणि 'मी सन' हा मंदिरसमूह एवढीच ठिकाणे पाहून, एवढ्या खर्चात आणखी दोन शहरे का बसवली नाहीत, अशी विचारणा ग्राहक नेहमी करतात. ती बसवता येतात. परंतु तसे केल्यास रोज पहाटे बॅगा भरण्यात आणि रोज रात्री नव्या हॉटेलात खोली ताब्यात घेण्यात सुटी संपते. म्हणून आम्ही होई आनला सलग तीन रात्रींचा मुक्काम ठेवला आहे.

दिवाळीच्या सुटीत मागणी सर्वाधिक असूनही आम्ही ही सहल काढत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात जोराचा पाऊस असतो आणि थू बोन नदीचे पाणी होई आनच्या गल्ल्यांत शिरते. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा काळ तिकडे सर्वांत सुखाचा. मे महिन्यातही जाता येते, पण तेथील उकाडा दमट असल्याने आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय फारशी उपयोगी पडत नाही.

महिना ठरल्यावर शक्यतो तिथीही पाहावी, अशी आमची शिफारस आहे. होई आनमध्ये चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, जुन्या गावातील विजेचे दिवे मालवून कंदिलांच्या उजेडात गाव उजळवले जाते आणि लोक नदीत दिवे सोडतात. दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळत असल्याने शाकाहारी प्रवाशांचीही सोय होते. आपल्या आणि त्यांच्या पंचांगात कधी एका दिवसाचा फरक पडतो. त्याची खात्री करून मगच आम्ही तारखा जाहीर करतो.

होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात 'मी सन' ही मध्य व्हिएतनामातील प्राचीन चंपा राज्याच्या चाम राजांनी उभारलेली मंदिरे आहेत. येथे चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर या नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत विटांची मंदिरे बांधली जात राहिली. तेथील शिलालेखांत संस्कृतही आहे. १९६९ साली अमेरिकी बॉम्बहल्ल्यात यांतील बरीच मंदिरे पडली. १९९९ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथे जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला मे २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांच्या गावातून, म्हणजे सोलापुरातून, गेलेला माणूस येथे अर्ध्या तासात बाहेर पडत नाही, म्हणून या स्थळासाठी पूर्ण सकाळ राखून ठेवली आहे. ऊन चढण्याआधी पोहोचण्यासाठी हॉटेलातून सहा वाजता निघावे लागते, एवढी एकच पहाट आम्ही मागतो.

'हा लाँग'च्या उपसागरात चुनखडीचे दीड हजारांहून अधिक लहानमोठे डोंगर समुद्रातून वर आलेले आहेत; तेथे एक रात्र बोटीवर मुक्काम आहे.

जेवणाबाबत शाकाहारी प्रवाशांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही माशांपासून केलेला 'नुओक मम' हा खारट द्रव घातलेला असू शकतो, त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगणे पुरेसे नाही. शाकाहाराला तिकडे 'चाय' म्हणतात. हा शब्द आपण उच्चारल्यास समोर चहा येण्याचाही संभव असल्याने, व्हिएतनामी भाषेत छापलेले कार्ड आम्ही प्रत्येक शाकाहारी प्रवाशाला देतो. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट तिकडच्या अनेक पदार्थांवर भुरभुरलेला असतो, त्यामुळे सोलापूरच्या जिभेला हे जेवण वाटते तितके परके नाही. आटवलेल्या गोड दुधावर थेंबाथेंबाने गाळलेली कॉफी जरूर घ्यावी. मात्र हनोईची प्रसिद्ध फेसाळ कॉफी अंड्याच्या बलकाची असते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर न्यावी, पण ती बंद पाकिटात आणि विमानात जमा करायच्या सामानात ठेवावी.

खर्चाचा अंदाज करताना तिकडच्या 'डोंग' या चलनाच्या नोटांवरील शून्यांनी गोंधळून जाऊ नये. रकमेची शेवटची तीन शून्ये काढून उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणल्यास रुपयांतील साधारण किंमत कळते. 'मी सन'चे प्रवेशशुल्क १,५०,००० डोंग, म्हणजे सुमारे सव्वापाचशे रुपये. रस्त्याकडेच्या दुकानात नूडल्सचा मोठा वाडगा ५०,००० डोंगांच्या आसपास मिळतो. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर असून घाईत एकसारख्या दिसतात. आमच्या एका प्रवाशाने नारळपाण्यासाठी सतरा-अठराशे रुपयांची नोट पुढे केली होती. विक्रेतीने ती हसून परत दिली, पण प्रत्येक वेळी असे होईल याची हमी आम्ही देऊ शकत नाही. म्हणून मोठ्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

सहलशुल्कात मुंबई ते हनोई व परतीचे विमानभाडे, अंतर्गत विमानप्रवास, मुक्काम, नाश्ता, प्रवासविमा आणि २५ डॉलर शुल्काचा ई-व्हिसा समाविष्ट आहे. दुपारचे व रात्रीचे जेवण आम्ही मुद्दाम वगळले आहे, कारण तेथील खरी चव हॉटेलच्या ठरावीक थाळीत सापडत नाही. परदेश सहलीच्या रकमेवर कायद्यानुसार टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, आकारला जातो. तो आमच्याकडे राहत नसून आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो. आपल्या हिशेबात हा आकडा सुरुवातीलाच धरावा.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. ई-व्हिसाच्या अर्जातील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळणे आवश्यक असल्याने, लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी नावनोंदणीच्या दिवशीच मूळ पासपोर्ट कार्यालयात दाखवावा. उरलेले डोंग परतीच्या वेळी तिकडच्या विमानतळावरच बदलून घ्यावेत. सोलापुरात ते बदलून मिळणे अवघड जाते.