एकवीस दिवसांत सवय लागते?

‘एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागलीच म्हणून समजा.’ हे वाक्य इतकं रुळलंय की बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड गेलं, की माणूस स्वतःलाच नावं ठेवतो: ‘माझ्यात जिद्दच नाही.’ मला खरी काळजी या निष्कर्षाची वाटते.

आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकन प्लास्टिक सर्जन. नाकाची शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातला नवा चेहरा ‘आपला’ वाटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात नोंदवलं. म्हणजे विषय स्वप्रतिमेचा होता, सवयीचा नव्हेच. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळून पडलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ (हा आकडा बारा आठवड्यांपलीकडचा, म्हणून गणिताने बांधलेला अंदाज). पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाने वेळ घेतला. आणि हे तर आवर्जून सांगायला हवं: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून घडी विस्कटली नाही.

तेव्हा बाविसाव्या दिवशी गजर बंद करून पुन्हा झोपलात, तर तेविसाव्या दिवशी उठा. मोजणी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.