राउट प्रोसेसर

राउटरमधल्या ज्या कार्डावर बीजीपी, ओएसपीएफ यांसारखे, राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचे प्रोटोकॉल चालतात आणि कोणत्या पत्त्याचे पॅकेट (माहितीचा तुकडा) कोणत्या दाराने बाहेर काढायचे याचा तक्ता तयार होतो, त्याला राउट प्रोसेसर म्हणतात. ज्युनिपर या कंपनीच्या यंत्रांत त्याचे नाव राउटिंग इंजिन. सीपीयू, रॅम, कार्यप्रणालीसाठी फ्लॅश आणि कन्सोल पोर्ट असलेला हा एक पूर्ण संगणकच असतो.

सुरुवातीला त्याची चूल वेगळी नव्हती. 1969 मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर बसवलेल्या आयएमपी या राउटरसारख्या यंत्रांत हनीवेलचा डीडीपी-516 हा एकच संगणक मार्गही ठरवी आणि पॅकेटही हलवी. वाहतूक वाढली तसे एका सीपीयूला दोन्ही कामे झेपेनात. 1998 च्या ज्युनिपर एम40 मध्ये ही वाटणी स्वच्छ दिसते: मार्ग ठरवायला इंटेल पेंटियमवर चालणारी जुनॉस ही कार्यप्रणाली, पॅकेट हलवायला खास बनवलेल्या चिप. त्या चिपची क्षमता सेकंदाला सुमारे 4 कोटी पॅकेटची, तर दोन्ही भागांना जोडणारी आतली वाट अवघ्या 100 मेगाबिटची इथरनेट! तेवढी पुरते, कारण त्या वाटेने तयार तक्ता खाली जातो; लोकांची वाहतूक तिथून जातच नाही.

प्रोसेसरपर्यंत पोहोचतात ती मोजकी पॅकेट: खुद्द राउटरच्या पत्त्यावर आलेली, किंवा टीटीएल (किती टप्पे ओलांडायचे याची मर्यादा) संपलेली. ट्रेसराउटमध्ये, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरचा प्रतिसादवेळ दाखवणाऱ्या साधनात, मधल्याच एका टप्प्यावर 200 मिलिसेकंद दिसले की तिथे कोंडी आहे असे अनेकजण धरून चालतात. पुढचे टप्पे 20 मिलिसेकंदांत उत्तर देत असतील, तर तो निष्कर्ष चुकीचा आहे. ते उत्तर बहुधा प्रोसेसर हातातली कामे सांभाळून, कमी प्राधान्याने देतो. पुढे जाणाऱ्या पॅकेटना ती वाट पाहावी लागत नाही. हीच मोजकी वाट हल्लेखोरालाही मोकळी असते, म्हणून प्रोसेसरकडे जाणाऱ्या पॅकेटवर मर्यादा घालणे अत्यावश्यक आहे.

प्रोसेसर दमला आहे का, हे पाहायला सिस्को कंपनीच्या राउटरांवरील जुन्या आयओएस या कार्यप्रणालीत ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ ही आज्ञा आहे. पहिल्याच ओळीत 98%/6% असा जोडआकडा येतो. पहिला आकडा गेल्या पाच सेकंदांतला एकूण भार, दुसरा त्यातला इंटरप्टचा, म्हणजे पॅकेट आल्यावर हातातले काम थांबवून केलेल्या कामाचा, वाटा. दुसरा लहान असेल तर एखादी प्रक्रिया सीपीयू खाते आहे. तोही मोठा असेल तर पॅकेट वाहण्याचे काम प्रोसेसरवर येऊन पडले आहे. निदानाची सुरुवात इथूनच करावी.

मोठ्या राउटरांत असे दोन प्रोसेसर बसवतात, एक चालू आणि एक तयारीत. बीजीपीच्या मानकाने सुचवलेली मुदत 90 सेकंदांची आहे. चालू प्रोसेसर बंद पडून तेवढा वेळ काहीच ऐकू आले नाही की शेजारी राउटर संबंध तोडतो आणि त्याच्याकडून आलेले सगळे मार्ग रद्द करतो. 2007 मध्ये आलेल्या ग्रेसफुल रीस्टार्ट या सोयीमुळे शेजारी काही काळ जुनेच मार्ग धरून ठेवतो. तोवर दुसरा प्रोसेसर ताबा घेतो, आणि लाइन कार्डे, म्हणजे पॅकेट प्रत्यक्ष हलवणारी कार्डे, शेवटच्या तक्त्यावरून पॅकेट पुढे पाठवत राहतात.