मोठ्या माशाचे वेड (नाशिक परिसर)

गोड्या पाण्यातल्या अवाढव्य माशांबद्दल गळ टाकणाऱ्यांना वाटणारी ओढ. ज्यांचे वजन ३० किलोंपर्यंत किंवा त्यापुढे जाऊ शकते, अशा गोड्या पाण्यातल्या प्राण्यांना शास्त्रज्ञ महाकाय मानतात. गोड्या पाण्यातच राहणाऱ्या माशांपैकी नोंदलेले सर्वांत मोठे मेकाँग नदीत सापडले : २००५ मध्ये थायलंडमध्ये २९३ किलोंचा कॅटफिश आणि २०२२ मध्ये कंबोडियात ३०० किलोंचा पाकट. भारतात या वेडाचा मानकरी महसीर, नद्यांतला मोठ्या खवल्यांचा मासा. १९४६ मध्ये कर्नाटकातल्या कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लागला. त्याचे नाव गळवाले आजही काढतात.

नाशिककडे गंगापूर, दारणा, मुकणे आणि वैतरणा ही धरणे या मंडळींची ठिकाणे. इथे मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा कटला. तो मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, इकडे बीज, म्हणजे माशांची पिल्ले, सोडून वाढवलेला. डोके भले मोठे, तोंड वर वळलेले. पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा. म्हणून त्याच्यासाठी गळ तळाशी सोडत नाहीत. शेंगदाण्याची पेंड, कोंडा आणि कणीक मळून केलेला गोळा तरंगणीखाली अधांतरी लटकवतात, भोवती गळ दडवतात. गोळा विरत जातो, पाणी गढूळ होते आणि कटला तो गढूळपणाच ओढून घेतो. तरंगणी आधी नुसती थरथरते. घाईने ओढले तर हाती काही लागत नाही. ती एकदम खाली गेली की हिसका द्यायचा आणि लगेच दोर सैल सोडायचा, कारण पहिल्या धावेत जाड दोरही तुटतो.

शिवड्याचा नाद वेगळा. कानशिलापर्यंत फाटलेला जबडा आणि लांब चपटे अंग असलेला हा शिकारी मासा दीड-दोन मीटरपर्यंत वाढतो आणि डोहात दबा धरून बसतो. त्याच्यासाठी जिवंत मासळीचे आमिष लागते.

या ओढीचे मूळ माशाच्या वाढीत आहे. मासा प्रौढ झाल्यावरही वाढतच राहतो, फक्त वेग मंदावतो. त्यामुळे धरणात बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या डोहात किती मोठा मासा असेल, याला कुणी आकडा लावू शकत नाही. ज्यांनी धरणापूर्वीची नदी पाहिली, त्यांनाच असे डोह नेमके कुठे आहेत ते सांगता येते. त्यांचा शब्द दोर गुंडाळायच्या महागड्या रिळापेक्षा मोलाचा असतो.

मात्र वजनदार मासा म्हणजे बहुधा जुनी मादी. कटल्याची मादी किलोमागे लाखाच्या घरात अंडी देते, महसीरची मादी जेमतेम काही हजार. म्हणून जुनी महसीर काढली की त्या पाण्याचे नुकसान फार काळ भरून निघत नाही. जगभरात १९७० ते २०१२ या काळात गोड्या पाण्यातल्या महाकाय माशांची संख्या ९४ टक्क्यांनी घटली, असे २०१९ च्या एका अभ्यासात दिसले. धरणांनी अडवलेल्या वाटा आणि बेसुमार मासेमारी ही त्याची मोठी कारणे. नुसते बीज सोडणे हाही सरसकट उपाय नव्हे. दख्खनच्या नद्यांतला निळ्या परांचा महसीर टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून वाढवला आणि त्यामुळे ती जात सावरली. तोच मासा कावेरीत सोडल्यावर मात्र तिथल्या मूळच्या, पाठीवर कुबड असलेल्या महसीरला मागे रेटू लागला. ही मूळची जात २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

श्रद्धेने राखलेले महसीरही जवळच आहेत. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या वैतरणेच्या काठी, पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळ तिळसे येथे शिवमंदिरापाशी भाविक माशांना खाऊ घालतात, तिथे गळ टाकत नाहीत.

धरणातली मासेमारी सहसा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे हौशी माणसाने आधी त्यांची परवानगी घ्यावी. महसीर लागलाच तर पाण्याबाहेर न उचलता, ओल्या हातांनी गळ सोडवून तोंड प्रवाहाकडे करून धरावा. शेपटीला जोर आला की तो आपणहून निघून जातो.