घरची भाषा चपलांबरोबर बाहेर काढू नका
(आमच्या बालवाडीत मूल घालणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रक)

दर जूनमध्ये एखादी आई दारातच सांगते, "बाई, घरी आम्ही कानडी बंद केलंय. आता मराठीच बोलतो." आपल्याला शाबासकी मिळेल असं तिला वाटतं. पूर्वी आम्ही ती द्यायचोही.

जत तालुक्यातून सांगलीत आलेल्या एका घराला तर तसा सल्ला आम्हीच दिला होता. आईचं मराठी बेताचं. त्यामुळे 'ये', 'बस', 'जेव' एवढंच तिचं लेकीशी बोलणं उरलं आणि आजीने बोलणंच सोडलं. वर्गात गप्प असणारी पोर घरीही गप्प झाली. चूक आमची होती. दिवाळीनंतर आम्ही आजीला वर्गात बोलावलं. तिने कानडीत कावळ्याची गोष्ट सांगितली. कुणाला काही कळेना, तेव्हा ती गप्प पोरच उठून म्हणाली, "कागी म्हणजे कावळा!" तिचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तो कावळा मग वर्गातच राहिला. मराठीत कावळा, कानडीत कागी, गुजरातीत कागडो, हिंदीत कौवा, तमिळमध्ये काक्का. सगळ्यांनी त्याची हाक ऐकूनच नाव ठेवलंय हे मुलांना सांगावं लागत नाही, ती आपणच 'का-का' सुरू करतात. चिमणीचं तसं नाही. कानडीत ती गुब्बी आणि गुजरातीत चकली. 'चकली उडाली' म्हटलं की मराठी पोरं हसून लोळतात. पण शब्दाचा आवाज एक आणि अर्थ दोन, हे असं हसत कळलेलं पुढे वाचायला शिकताना कामी येतं.

आमच्याकडे जतची कानडी येते, मिरजेची दखनी उर्दू येते, मार्केट यार्डातल्या घरांची गुजराती-मारवाडी येते, कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारांची हिंदी-भोजपुरी येते. शिवाय विटा-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली ही माणसं गावी परततात, तेव्हा आडनावाने अस्सल माणदेशी असलेलं पोर भांडताना तमिळ बोलतं. म्हणून आडनावावरून आम्ही भाषा ठरवत नाही, विचारतो.

आणि मराठी घरांनो, पोर 'न्हाई', 'व्हय' म्हणालं तर चारचौघांत टोकू नका. तीही घरचीच भाषा. 'नाही' आणि 'होय' वर्गात ऐकून येतंच.

दोन भाषांत मूल गोंधळणार नाही का?

'बाई, हाल पाहिजे' म्हणणाऱ्या मुलाला दूध हवं असतं. वाक्य मराठी, शब्द कानडी. हा गोंधळ नव्हे, जो शब्द हाताशी आहे तो त्याने वापरला. नव्या भाषेत आलेली काही मुलं बरेच आठवडे, कधी दोन-तीन महिनेही नुसती ऐकत असतात. त्या काळात आम्ही त्यांना बोलायची सक्ती करत नाही. मात्र तीन वर्षं उलटूनही मूल घरच्या भाषेतसुद्धा दोन-तीन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग इंग्रजीचं काय?

गाणी, खेळ, चित्रं यांतून ती येईल. घरी 'कम, ईट, स्लीप' सुरू करू नका. तेवढ्यावर गप्पा होत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय.

तुमच्याकडून काय हवं?

पाणी, भूक, दुखतंय, शी-शू आणि झोप यांना तुमच्या घरी काय म्हणतात ते आम्हाला लिहून द्या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलाला याच पाच शब्दांचा आधार असतो.

दर गुरुवारी सकाळी एका घराला पंधरा मिनिटं वर्ग देतो. गोष्ट सांगा, भाकरी थापून दाखवा, अंगाई म्हणा. शिकलेलं असायची अट नाही आणि भाषांतर करायचं नाही, ते मुलं करतात. कामाच्या पाळीमुळे येता आलं नाही तर व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवा.

पालकसभेत भाषेची अडचण असेल तर आधी कळवा, दुभाष्या म्हणून एखादा पालक बघू. तुमच्या मोठ्या मुलीला मात्र या कामाला बसवणार नाही; धाकट्याच्या तक्रारी तिने आईला सांगायच्या, हे बरं नाही.

वर्षातून एकदा आम्हीही तुमच्या घरी येऊ. ही रीत आम्ही काढलेली नाही. भावनगरात गुजरातीतून मुलांना शिकवलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी काढली आणि आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात, तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेला. चहा नको, पाणी चालेल.

प्रवेशाला येताना जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि दोन फोटो आणा. आणि घरात मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूस बरोबर घेऊन या. बहुतेक घरांत ती आजी असते.