इस्टेट एजंटची वेबसाइट आणि ब्लॉग: दोन्हीकडे येणारा माणूस वेगळा

डोंबिवली, वसई किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या इस्टेट एजंटला विचारा, “तुमचा ब्लॉग आहे का?” उत्तर बहुधा येतं, “हो, वेबसाइट आहे ना!” वेबसाइट उघडावी, तर ‘ब्लॉग’ नावाच्या पानावर त्याच प्रकल्पांचे तेच फोटो आणि ‘बुकिंग सुरू’ची तीच ओळ. दोन्ही एकाच पत्त्यावर असतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण तिथे पोचणारा माणूस वेगळा असतो, आणि धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक हाच आहे.

वेबसाइटवर येणाऱ्याने तुमचं नाव आधी कुठेतरी ऐकलेलं असतं. नाक्यावरचा फलक पाहिलेला असतो, नाहीतर मेहुण्याने नंबर दिलेला असतो. तो खात्री करून घ्यायला येतो. त्याला चटई क्षेत्र किती, मजला कितवा, पार्किंग स्टिल्टमध्ये की उघड्यावर, महिन्याचा मेंटेनन्स किती, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालंय का, महारेरा क्रमांक (रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याखाली राज्याच्या प्राधिकरणाकडे झालेल्या प्रकल्प-नोंदणीचा) काय, एवढं एका नजरेत दिसायला हवं. सूर्यास्ताच्या फोटोवर ‘स्वप्नातलं घर’ लिहून त्याचं काहीच भागत नाही.

ब्लॉगवर येणाऱ्याला तुमचं नावही माहीत नसतं. त्याच्यापुढे अडचण असते. समजा, एकाने ठाण्यात तीस वर्षं जुन्या इमारतीत टू बीएचके पाहिला. भाव बरा आहे, घर हवेशीर आहे, पण बोलता बोलता कळलं की सोसायटीच्या नावावर जमीनच झालेली नाही. रात्री तो मोबाइलवर टाइप करतो, ‘कन्व्हेयन्स झालेलं नाही, फ्लॅट घ्यावा का’. इथे तुमच्या प्रकल्पाचं पान त्याच्या उपयोगाचं नाही. उपयोगाचा आहे तो एक नीट लेख. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन कागदोपत्री बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते, पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच गाडी अडते, आणि बिल्डर दाद देत नसेल तर १९६३च्या मोफा कायद्याखाली (मालकी हक्काच्या फ्लॅटसाठीचा राज्याचा कायदा) सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) अर्ज करता येतो, हे त्यात साध्या भाषेत असावं. सोबत, टोकन देण्याआधी सेक्रेटरीला काय विचारायचं, कुठले कागद डोळ्यांखाली घालायचे, हेही. असा लेख वाचणारा उद्याच फोन करेल असं नाही. पण तीन महिन्यांनी घर घ्यायचं ठरलं की हा एजंट त्याच्या लक्षात असतो, कारण त्याने काही विकायच्या आधी मदत केलेली असते. माझ्या मते या धंद्यात विश्वास मिळवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

‘ब्लॉग म्हणजे काय, नुसती माहिती, जाहिरातीचे नियम वेबसाइटला’ हा समज मात्र महागात पडू शकतो. २०१६च्या रेरा कायद्यातली जाहिरातीची व्याख्या पुरेशी रुंद आहे: कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही स्वरूपात प्रकल्पाची प्रसिद्धी केली की ती जाहिरात. त्यामुळे लेखाच्या मध्यावर चालू प्रकल्पाचं नाव घेऊन ‘बुकिंगसाठी संपर्क साधा’ लिहिलंत, तर तो लेखही जाहिरातच समजून चाला. नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीआधी करता येत नाही, आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोडही द्यावा लागतो. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर कलम १२नुसार बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिताना हे डोक्यात असू द्या. कन्व्हेयन्सवरच्या लेखात आपला प्रकल्प घुसवूच नये. खाली नाव आणि नंबर पुरे.

जुनं होण्याची रीतही दोघांची वेगळी. वेबसाइटवरचा फ्लॅट विकला गेला की त्याच दिवशी पान उतरवायला हवं. विकलेलं घर मुद्दाम ठेवून फोन खेचायचे आणि ‘तो गेला, दुसरा दाखवतो’ म्हणायचं, हे सर्रास चालतं आणि ती सरळ फसवणूक आहे. लेख वर्षानुवर्षं वाचला जातो, म्हणून त्यावर तारीख हवी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्यात मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी होतं, पुढे ३१ मार्च २०२१पर्यंत २ टक्क्यांनी. तेव्हाचा बिनतारखेचा लेख आज वाचून कोणी हिशेब मांडला, तर नोंदणीच्या तोंडावर त्याला काही लाख कमी पडतील. दर १ एप्रिलच्या सुमारास शुल्काचे आणि रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेल्या मालमत्ता दरांचे) लेख पुन्हा तपासून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट बिल्डर मंडळींसाठी. प्रत्येक प्रकल्पाला नवं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घ्यायचं, ताबा दिला की त्याचं नूतनीकरण थांबवायचं, आणि ब्लॉग तिसऱ्याच कुठल्यातरी फुकट पत्त्यावर ठेवायचा, ही पद्धत सोडा. डोमेन गेलं की त्यावर आलेले सगळे दुवे आणि गूगलवर कमावलेली जागा गेली. कंपनीचं एकच डोमेन ठेवा. प्रकल्प त्याची पानं आणि ब्लॉग त्याचाच एक विभाग.

एकट्याने धंदा करणाऱ्या एजंटने आधी वेबसाइट उभी करावी. चार-पाच पानं पुरतात: ओळख, महारेरा एजंट नोंदणी क्रमांक, हातातली घरं, ऑफिसचा पत्ता, फोन. ब्लॉगचे विषय ग्राहकच देतात. फोनवर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवा: ‘बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी किती वाचते?’, ‘शेतकरी नसताना शेतजमीन घेता येते का?’, ‘ओसी नसेल तर बँक कर्ज देईल का?’ लेखाचं शीर्षक तोच प्रश्न, आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात.