मेंदूतली धुमस : कंपवात, फवारणी आणि मायक्रोग्लियाचा शोध

खानदेशात हात थरथरायला लागला की घरचे आधी वयाकडे बोट दाखवतात. चाल आखडली, सही बारीक होत गेली, चेहऱ्यावरचे भाव आटले, तरी ‘आता वय झालं’ एवढ्यावरच विषय संपतो. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यात, म्हणजे सबस्टँशिया नायग्रात, डोपामिन (हालचालींचे संदेश नेणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात हे नंतर कळलं. त्या का मरतात, याच्या उत्तरातला एक मोठा धागा मेंदूतल्या दाहाचा आहे. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तो समजून घ्यायलाच हवा.

या धाग्याची सुरुवात 1919 सालची. स्पेनच्या पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी सिल्व्हर कार्बोनेटच्या रंगाने मेंदूतल्या काटेरी, बारीक फांद्यांच्या पेशी वेगळ्या दाखवल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. मेंदूची राखण आणि साफसफाई ही त्यांची कामं. इजा झाली की त्या फांद्या आखडून गोल होतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याकडे मेलेल्या पेशी उचलणाऱ्या झाडूवाल्या म्हणूनच पाहिलं गेलं. 1988 मध्ये व्हँकूव्हरच्या पॅट्रिक मॅकगीर यांच्या गटाला कंपवाताच्या रुग्णांच्या काळ्या पट्ट्यात चेतलेल्या, म्हणजे दाहाच्या अवस्थेतल्या, मायक्रोग्लिया मोठ्या संख्येने सापडल्या. तेव्हा प्रश्न उभा राहिला : ही आगीनंतरची राख, की आगच?

उत्तराला वजन आलं ते एका दुर्दैवी घटनेतून. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुण चोरून बनवलेलं हेरॉइनसारखं द्रव्य टोचून घेतल्यावर काही दिवसांतच कंपवाताच्या रुग्णांसारखे ताठले. त्या द्रव्यात एमपीटीपी या रसायनाची भेसळ झाली होती. मेंदूत त्याचं एमपीपी-प्लस होतं आणि ते डोपामिनच्या पेशींचा ऊर्जापुरवठा तोडतं. या एमपीपी-प्लसची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. विल्यम लँगस्टन यांच्या गटाने 1999 मध्ये अशा तीन रुग्णांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. विष अंगात गेल्याला 3 ते 16 वर्षं झाली होती, तरी मायक्रोग्लिया तिथे चेतलेल्याच होत्या. विष केव्हाच संपलं होतं, धुमस संपली नव्हती. या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आम्हाला वाटतं.

मग शेतीकडे नजर वळली. रोटेनोन हे कीटकनाशक दिलेल्या उंदरांत कंपवातासारखी लक्षणं दिसली ती 2000 मध्ये. 2011 मध्ये अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. हा संबंध झाला. एखाद्या रुग्णाचा आजार फवारणीनेच झाला, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण 24 टक्क्यांचं पॅराक्वाट आपल्याकडे कपाशीच्या ओळींमधलं तण जाळायला वापरतात. तेव्हा ही गोष्ट कॅलिफोर्नियाची म्हणून सोडून देता येणार नाही. काळा पट्टाच आधी का बळी पडतो, याचं एक संभाव्य कारण 1990 च्या उंदरांवरच्या मोजणीत दिसतं : मेंदूच्या वरच्या थरात मायक्रोग्लियाचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास, तर या पट्ट्यात 12 टक्क्यांपर्यंत.

प्रयोगशाळेत मायक्रोग्लिया वाढवून तपासण्याचं काम कुठे फसतं, तेही सांगायला हवं. उंदरांच्या एक-दोन दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूचं आवरण सोलून पेशी 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 10 ते 14 दिवस वाढवतात. तळाला ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींची चादर धरते, मायक्रोग्लिया तिच्यावर सैल बसतात, त्या बाटली हलवून झटकून घेतात. एक दिवस विसावा देऊन जिवाणूच्या भिंतीतलं एलपीएस हे दाह पेटवणारं द्रव्य, मिलिलिटरला साधारण 100 नॅनोग्रॅम, टाकतात आणि 24 तासांनी ग्रीस अभिकर्मक या रंग दाखवणाऱ्या रसायनाने नायट्राइट, म्हणजे पेशी चेतल्याची खूण, मोजतात. बिघडतं ते पाण्यामुळे आणि काचेमुळे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, जिवाणू मरतो, पण त्याचं एंडोटॉक्सिन, म्हणजे हेच एलपीएस, टिकून राहतं. मग ज्या पेशींना काहीच दिलेलं नाही त्याही चेततात आणि तुलनाच उरत नाही. त्यासाठी काचेची भांडी 250 अंशांच्या कोरड्या उष्णतेत निदान अर्धा तास ठेवावी लागतात.

औषधांच्या वाटेवर निराशा मोठी. उंदरांत दाह शमवणारं मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) 412 रुग्णांच्या चाचणीत उलटलं. औषध घेणाऱ्यांची तब्येत जास्त वेगाने ढासळली, हे 2007 मध्ये समोर आलं. मायक्रोग्लिया सरसकट दाबल्या की त्यांची साफसफाईही थांबत असावी, अशी शंका त्यातून बळावली. 2013 मध्ये ट्रेम-2 या जनुकातला एक दोष अल्झायमरचा धोका वाढवतो हे कळलं. हे जनुक मायक्रोग्लियाच्या सफाईच्या कामाशीच जोडलेलं आहे.

लक्षणं दिसेपर्यंत काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, आणि तोवर फवारणी सोडूनही बरीच वर्षं उलटलेली असू शकतात. म्हणून रुग्णाच्या कागदावर ‘शेतकरी’ एवढंच लिहून भागत नाही. कोणतं औषध, किती हंगाम, पाठीवरचा पंप गळका होता का, हातमोजे होते का, हे घरच्यांनी आठवून डॉक्टरांना सांगावं आणि डॉक्टरांनी ते लिहून घ्यावं.