वेल्समधलं १५०८ सालचं घर आणि त्याचं वय कसं कळलं

वेल्सची राजधानी कार्डिफ, तिला लागूनच सेंट फॅगन्सचं म्युझियम आहे, १९४८ साली सुरू झालेलं, आणि तिथे वेल्सभरातून सोडवून आणलेली जुनी घरं मोकळ्या आवारात पुन्हा उभी केलीयत. त्यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते हेन्द्रेर-अविद इखाव, उत्तरेकडच्या डेनबीशरमधल्या लानगनहावल गावचं शेतकऱ्याचं घर. खालच्या अंगाच्या खणांत जनावरं, वरच्या अंगाला माणसं, सगळं एकाच छपराखाली, आपल्याकडे घाटावर अजून काही घरांत गोठा असतो ना घरातच, तसंच.

सांगाडा ओकचा. मुळातच बाक घेऊन वाढलेलं झाड शोधायचं, उभं चिरायचं, म्हणजे एकसारख्या बाकाच्या दोन फाका मिळतात, त्या समोरासमोर उभ्या करून वर टोकं जोडायची की झाली क्रक. छपराचा भार या क्रकवरून सरळ खाली उतरतो, भिंतींवर जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे भिंत कुडाची, वर मातीचा लेप दिलेली असली तरी भागतं. अशा क्रकवाल्या घरांचा वेल्समधला बहराचा काळ साधारण १४३० ते १५५०, म्हणजे वेल्सचा पुढारी ओवेन ग्लिनडूर याचं इंग्रजांविरुद्धचं बंड शमल्यानंतरचा.

आता १५०८ हे साल कुठून आलं? लाकडातूनच. ओकला दरवर्षी एक कडं वाढतं, चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक, आणि एका भागातल्या झाडांचा हा जाड-बारीक क्रम बराचसा जुळतो. जिवंत झाडांपासून सुरुवात करून मागे मागे जुन्या तुळयांचे क्रम जोडत गेलं की शेकडो वर्षांची सलग पट्टी तयार होते. मग घराच्या तुळईत पोकळ ड्रिलने बोटाएवढी बारीक कांडी काढायची, कडी मोजायची आणि पट्टीवर कुठे बसतात ते बघायचं. सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी पाडलं ते नेमकं कळतं. त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळला की तो प्रचंड कडक होतो, त्यामुळे झाड पाडलं तेव्हा किंवा वर्षा-दोन वर्षांत घर उभं राहिलं असं धरता येतं. साल तासून गेली असेल तर मात्र अंदाजच, कारण बाहेरच्या कोवळ्या लाकडात वेल्सच्या ओकला ११ ते ४१ कडी असू शकतात!

दुसरा पुरावा काजळीचा, आणि तो मला जास्त आवडतो. या घरांत धुराडं नव्हतं, जमिनीवर मधोमध चूल, धूर वर चढून छपरातून झिरपत बाहेर. म्हणून आढ्याखालची लाकडं काळी कुळकुळीत. पुढे १६व्या शतकात धुराडी आली, वर माळा टाकता आला, आणि त्या नंतरच्या तुळया बऱ्याचदा स्वच्छ निघतात. काळं कुठपर्यंत आणि कोरं कुठून सुरू होतं एवढं नीट पाहिलं तरी घरात आधी काय होतं, नंतर काय घातलं हे वाचता येतं.

आणि भिंत भार घेत नाही म्हटल्यावर ती बदलणंही सोपं, पुष्कळ ठिकाणी कुड काढून दगडी भिंत घातली, आतला क्रक तसाच राहिला. त्यामुळे वेल्समधल्या एखाद्या साध्या दगडी घराचं वय शोधायचं तर अभ्यासक भिंती बघत बसत नाहीत, टॉर्च घेऊन आधी माळ्यावर चढतात.